बूसी, हेन्री आणि सहाशे एकोणपन्नास रुपयांचा डिंक

मी पुस्तकं वाचणारा नव्हे, शिवणारा माणूस. मिरजेत आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. हॉस्पिटलांची रजिस्टरं, वकिलांची दप्तरं, सोसायट्यांच्या खतावण्या, मुलांचे थीसिस आणि श्रावण जवळ आला की पोथ्या. पुस्तक हातात आलं की आधी कणा बघायचा, मग कागद, मग समास, आणि वेळ उरलाच तर मजकूर, ही सवय आता जाणार नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच क्रमाने लिहितोय. ज्यांना नुसती गोष्ट हवी त्यांनी पाच परिच्छेद ओलांडून पुढे जावं.

भाची पुण्यात पीएचडी करते. मिशनऱ्यांनी छापलेल्या सुरुवातीच्या मराठी गोष्टी हा तिचा विषय. एका इंग्रज बाईंची एक छोटी गोष्ट फ्रेंच, जर्मन, हिंदुस्तानी, चिनी, तमिळ, सिंहली अशा कुठकुठल्या भाषांत गेली आणि मराठीतही आली, म्हणून तिला मुळातली इंग्रजी प्रत जवळ हवी होती. मला फोन केला, "मामा, ऑनलाइन मिळतंय, पण फोटोवरून बांधणीचा भरवसा वाटत नाही. तू तुझ्या पत्त्यावर मागव, नीट शिवून दे, मग मी न्यायला येते." पुस्तकाचं नाव 'लिटल हेन्री अँड हिज बेअरर'. लेखिका मिसेस शेरवुड. पहिल्यांदा छापलं १८१४ साली, इंग्लंडात.

किंमत ६४९, वर डिलिव्हरीचे ८०. आठ दिवसांनी पार्सल आलं. खोकं चांगलं होतं. आतलं पुस्तक वहीपेक्षा पातळ.

मुखपृष्ठावर बर्फाचे डोंगर, पुढे तळं, तळ्यात डोंगराची सावली. गोष्ट घडते पाटण्याजवळ दानापूरला, गंगेच्या काठी. मला वाटलं दुसऱ्याच कोणाचं पुस्तक आलं. पण नाही, नाव बरोबर होतं. या छापखान्याकडे दहा-बारा चित्रं असावीत आणि जे पुस्तक येईल त्याला पुढचं चित्र लागत असावं. कागद पांढराफेक, कॉपियरच्या कागदासारखा, डोळ्याला टोचणारा. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर तळव्याने दाबलं. 'टक्' असा आवाज आला आणि कणा फुटला. गरम डिंकाची बांधणी आहे, तीही कंजुषीने लावलेल्या डिंकाची. एकही फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, नाही, सगळी सुटी पानं. म्हणजे जुजबंदी, दोऱ्याची शिवण, करायची म्हटली तरी दोरा घालायला घडीच नाही. आतला समास इतका कमी की ओळीचं शेवटचं अक्षर कण्यात गेलेलं. वाचताना पुस्तक सारखं फाकवावं लागतं, आणि फाकवलं की पान हातात येतं.

आता छपाई. जुन्या प्रतीची पानं स्कॅन करून जशीच्या तशी छापलीत. त्याला माझा विरोध नाही, उलट जुना टाइप बघायला मिळतो. पण २३व्या पानावर स्कॅन करणाऱ्याचं बोट आलंय, रबरी टोपी घातलेलं, आणि त्या बोटाखाली दोन ओळी गेल्या. ५७वं पान दोनदा आहे. ४१ आणि ४२ नाहीतच. विक्रेत्याला फोटोंसकट कळवलं. उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा, की हे ऐतिहासिक पुस्तक आहे, त्यातल्या त्रुटी हा इतिहासाचाच भाग समजावा. मी परत लिहिलं की रबरी टोपीतलं बोट १८१४ सालचं नसावं. त्यावर दोनशे रुपयांचं कूपन आलं. पुढच्या खरेदीवर वापरायचं.

त्या कूपनावर मी मूर्खासारखं त्याच गोष्टीचं दुसरं पुस्तक मागवलं, स्कॅन नसलेलं, नव्याने टाइप केलेलं. 'टाइप केलेलं' म्हणजे मशिनने ओळखून घेतलेलं, त्यावरून माणसाची नजर फिरलेली नाही. 'मॉडर्न'चं 'मोडेम' वगैरे चालायचंच. पण 'बेअरर', म्हणजे साहेबाघरचा नोकर, या शब्दातलं पहिलं अक्षर त्या मशिनने ठिकठिकाणी चुकीचं वाचलंय आणि 'हिअरर' छापलंय. हिअरर म्हणजे ऐकणारा. पहिल्यांदा हसलो. गोष्ट पुरी वाचल्यावर मात्र वाटलं, मशीन नकळत बरोबर बोललं. त्या नोकराला गोष्टीभर दुसरं काम कुठे आहे? तो ऐकतोच आहे.

हो, गोष्ट वाचली मी. शिवायच्या आधी पानं क्रमाने लावायला बसलो आणि वाचत गेलो. इंग्रजी बेताचं माझं, पण ही लहान मुलांसाठी लिहिलेली आहे, वाक्यं सरळ आहेत. अडलं तिथे भाचीला फोन.

हेन्री हा कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. त्याच्या जन्माआधी काही महिने बाप एका जमीनदाराच्या मातीच्या गढीवर चालून गेला आणि तिथे मेला. वर्षाचा व्हायच्या आत आईही गेली. पाटणा आणि दानापूरच्या मधे नदीकाठी मोठ्या पक्क्या घरात राहणाऱ्या एका मडमेने त्याला आणलं, खोली दिली, नोकरांना हुकूम सोडले की याला काय हवं ते द्या, आणि तिचं काम संपलं. पोराने तिला तसूभर त्रास द्यायचा नाही. उपाशीच मेला असता तो, पण त्याच्या बापाकडे बरीच वर्षं असलेला एक नोकर त्याच्याबरोबर आला होता. त्याचं नाव बूसी.

यानंतरचं एक-दीड पान मी तीनदा वाचलं. बूसी रात्रंदिवस त्या पोरापाशी. पेज कोमट करून भरवायची, पाळणा हलवायचा, न्हाऊ-माखू घालायचं, कपडे चढवायचे-उतरवायचे. पोराचा पहिला शब्द 'बूसी'. दहा महिन्यांचा असताना तो त्याच्या गळ्यात हात टाकायचा, त्याच्या सावळ्या गालावरून आपला इवलासा हात फिरवायचा. मोठा झाल्यावर व्हरांड्यात बूसीच्या दोन गुडघ्यांमधे बसून पान चघळायचा, बाजारातली मिठाई खायचा. पायात ना बूट ना मोजे. अंगात पायजमा, पायात चांदीचे वाळे. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण तिथल्या लोकांच्या बोलीतला बरा-वाईट एकेक शब्द तोंडपाठ. केस आणि निळे डोळे सोडले तर साहेबाचं पोर आहे हे कोणाला कळलं नसतं.

बाईंनी हे वर्णन केलंय ते कीव यावी म्हणून. बघा, बिचारं ख्रिस्ती मूल कुठल्या संगतीत वाढतंय! पण लिहिताना हात कुठे रेंगाळलाय ते लपत नाही. पुढे जी शिकवण येते ती सरकारी परिपत्रकासारखी आहे आणि हा व्हरांडा मात्र जिवंत आहे. ज्याला नावं ठेवायला बसल्या, तेच बाईंना सगळ्यात चांगलं जमलं. माझ्या मते पुस्तकाचे पैसे या पानात वसूल होतात. (बाकीच्या पानांत ते कापले जातात, ते पुढे सांगतो.)

मग एक तरुण मुलगी येते. इंग्लंडातल्या एका पाद्र्याची लेक, बायबलं आणि मुलांची चित्रांची पुस्तकं पेटीत भरून आणलेली. तिला या पोराची दया येते. ती काय करते? आपल्याकडची सगळ्यात सुंदर रंगीत चित्रं खोलीत जमिनीवर पसरून ठेवते, व्हरांड्याचं दार उघडं राहील अशी. पोरगं डोकावतं. शिकवणं म्हणजे काय हे त्या बाईंना चांगलं ठाऊक होतं, एवढं या एका गोष्टीवरून कळतं. हाका मारल्या नाहीत, ओढून आणलं नाही, चित्रं पसरली आणि दार उघडं ठेवलं.

दीड वर्षात हेन्री इंग्रजी शिकतो, बायबल वाचायला लागतो, आणि मग बूसीच्या मागे लागतो. तूही माझ्या देवाला मान. इथून पुढे पुस्तकभर तेच. पोरगं सांगतं, बूसी ऐकतो, मान डोलावतो, विषय बदलतो, पुन्हा ऐकतो. गंगेवरून होडीने कलकत्त्याच्या बाजूचा प्रवास, वाटेत राजमहालच्या टेकड्या, तिथेही तेच. शेवटी आठ वर्षं सात महिन्यांचा हेन्री आजारी पडून मरतो. मरता मरता बूसीकडून कबूल करून घेतो. बूसी जात सोडतो, बाप्तिस्मा घेतो, त्याचं नाव जॉन होतं आणि तोही फार दिवस राहत नाही.

मधला एक प्रसंग भाचीला मी फोनवर वाचून दाखवला. ती मुलगी हेन्रीसमोर भाजक्या मातीची एक देवमूर्ती घेते आणि जमिनीवर टाकते. मूर्तीचे तुकडे होतात. झालं, सिद्ध झालं. जो स्वतःला वाचवू शकत नाही तो तुला काय वाचवणार? पोर गप्प, वाचकही गप्प व्हावा ही अपेक्षा.

आमच्या गल्लीच्या टोकाला कुंभार राहतात, गणपती करतात. मला पहिलं तेच आठवलं. मातीचा देव फुटतो, विरघळतो, हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. दीड दिवसाने आपणच त्याला पाण्यात सोडतो, आणि प्राणप्रतिष्ठा व्हायच्या आधी तो माती असतो, उत्तरपूजेनंतर पुन्हा माती. फोडून दाखवलंत तर आम्ही म्हणू, अहो, त्यात काय, पुढच्या वर्षी नवीन. बाई दहा-अकरा वर्षं हिंदुस्थानात राहिल्या, बंगालच्या बाजूला, जिथे दुर्गेची मूर्ती नदीत सोडतात. दिसली नसेल? बूसीला हे उत्तर सुचलं नसेल असं मला वाटत नाही. त्याला पुस्तकात बोलू दिलेलं नाही, एवढंच.

बाईंविषयी थोडं सांगायला हवं, कारण ते कळल्यावर माझा राग निम्मा उतरला.

मेरी मार्था बट, जन्म १७७५, इंग्लंडात वुस्टरशरमधल्या एका पाद्र्याची मुलगी. १८०३ साली चुलतभावाशी, कॅप्टन हेन्री शेरवुडशी लग्न. त्याची ५३वी पलटण हिंदुस्थानात निघाली तेव्हा, १८०५ साली, पहिली मुलगी इंग्लंडात ठेवून बाई निघाल्या. दानापूर, बहरामपूर, कानपूर, मेरठ, अशी छावणीमागून छावणी. इथे मुलगा झाला, हेन्री. तो १८०७ साली डांग्या खोकल्याने गेला. मग मुलगी, ल्यूसी मार्था. ती १८०८ साली हगवणीने गेली. पुढच्या मुलीचं नाव पुन्हा ल्यूसी. पुढच्या मुलाचं पुन्हा हेन्री, त्याला मार्टिन जोडलेलं, कारण कानपूरला भेटलेला पाद्री हेन्री मार्टिन यांना फार मानायच्या. नवरा हेन्री, गेलेला हेन्री, पाद्री हेन्री, गोष्टीतला हेन्री. आमच्याकडे नाही का, गेलेल्या पोराचं नाव पाठच्याला ठेवतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या त्याला हाक मारताना किंचित अडखळतात.

मग गोष्टीतल्या हेन्रीला बाईंनी आठ वर्षं सात महिने जगवलं, वाचायला शिकवलं, आणि मरताना त्याच्या तोंडी स्वर्गाची खात्री घातली, हे वेगळं दिसायला लागतं. स्वतःचा हेन्री बोलायला लागायच्या वयात गेला होता.

छावणीत त्यांनी शिपायांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, अनाथ मुली घरी आणून सांभाळल्या. आणि हेही खरं, की गोष्टीत सगळ्यात जोरदार चपराक बूसीला नाही, त्या मडमेला आहे. पैसे फेकायचे, हुकूम सोडायचे आणि आपण दानशूर समजायचं, अशा बायकांवर शेरवुडबाई जे लिहितात ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडचे दोन-तीन ट्रस्टी येऊन गेले.

हे हस्तलिखित विलायतेला गेलं आणि वेलिंग्टन नावाच्या गावातल्या हौल्स्टन नावाच्या छापणाऱ्याने ते पाच पौंडांना घेतलं. पाच पौंड, एकरकमी. पुढे शतक संपेपर्यंत शंभराच्या आसपास आवृत्त्या निघाल्या. आज हक्क संपलेत, त्यामुळे ६४९ रुपयांतला एक पैसाही कोणाला द्यावा लागत नाही, तरी डिंकात कंजुषी. बाईंनी सगळी मिळून चारशेच्या वर पुस्तकं, पत्रकं, गोष्टी लिहिल्या. एवढं लिहायला वेळ कुठून काढला असेल, पाठोपाठची बाळंतपणं, बिऱ्हाड सतत उंटा-होड्यांवर!

तो काळच अशा छोट्या पुस्तकांचा होता, असं भाची सांगते. हॅना मोर नावाच्या दुसऱ्या बाईंनी १७९५पासून अर्ध्या-एका पेनीची बोधाची पत्रकं काढली, मुद्दाम फेरीवाल्यांकडच्या चावट-चटकदार चोपड्यांसारखी दिसणारी, वर लाकडी ठशाचं चित्र, आणि पहिल्या वर्षात वीस लाख खपली म्हणतात. आपल्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर ही अक्कल मोठी. गिऱ्हाईक ज्या रंगाचा कागद उचलतं त्याच रंगात आपला माल गुंडाळायचा.

आपल्याकडे त्याच सुमाराला सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बालमित्र' आलं, १८२८ साली. तेही इंग्रजीवरून केलेलं, तेही बोधाचंच. एका वाचनालयातून बरीच वर्षांपूर्वी त्याची एक जुनी प्रत माझ्याकडे शिवायला आली होती. कसर लागलेली, कागद बिस्किटासारखा. तेव्हा वाचलं नाही, नुसतं पान न पान टिश्यू लावून सांधलं. आता चुटपुट लागलीय.

त्याच विक्रेत्याकडे नाही, दुसऱ्याकडे, शेरवुडबाईंचं मोठं पुस्तकही मागवलं, 'द फेअरचाइल्ड फॅमिली', पहिला भाग १८१८चा. बांधणी याची बरी, किंमत ८९९. यात एक आई, एक बाप, तीन मुलं. नावं वाचा: ल्यूसी, एमिली, हेन्री. तिन्ही बाईंच्याच घरातली. भाचीने सावध केलं होतं तरी एका प्रकरणाने मी हादरलो. बहिणी-भाऊ एका बाहुलीवरून भांडतात. बाप हातावर छड्या देतो, ते ठीक, आमच्या काळी आम्हीही खाल्ल्या. पण दुपारी तो तिघांना रानाच्या कडेला घेऊन जातो आणि साखळदंडाने टांगलेला एक फाशी गेलेला माणूस दाखवतो. काही वर्षं तिथे लटकतोय. अंगात निळा कोट, गळ्यात रेशमी रुमाल, पायात बूट-मोजे, सगळं शाबूत, चेहरा मात्र बघवत नाही. वाऱ्याने साखळी वाजते. याने सख्ख्या भावाला मारलं, बाप सांगतो, आणि सुरुवात अशाच भांडणापासून झाली. पोरं रडतात, घरी चला म्हणतात, बाप म्हणतो, थांबा, आधी ऐका.

पुढच्या काळातल्या पुष्कळ आवृत्त्यांतून हे प्रकरण गाळलं गेलं. मी घेतलेल्या प्रतीत आहे. मुलांसाठी म्हणून कोणी मागवत असेल तर आधी स्वतः वाचा. ऑगस्टा नावाची एक मुलगी मेणबत्तीशी खेळून जळून मरते, तेही आहे. एमिली कपाटातली बोराएवढी जांभळी फळं चोरून खाते आणि आजारी पडते, तेवढं एक प्रकरण मात्र मला आवडलं. चोरून खाल्ल्यावर पोराच्या पोटात जो गोळा येतो तो बाईंना नेमका माहीत आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रार्थना आणि गीत. ती मी उलटून पुढे गेलो, खोटं कशाला बोलू.

आमच्या दुकानावरच्या मजल्यावर एक मावशी राहतात, मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. मूळ अहमदनगरकडच्या, तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती. मला देवाधर्मावर कोणाशी वाद घालायला आवडत नाही, पण मातीच्या मूर्तीचा प्रसंग त्यांना दाखवावासा वाटला. चष्मा लावून त्यांनी उभ्याउभ्या दोन पानं वाचली. म्हणाल्या, "आमच्या शब्बाथशाळेत असल्याच गोष्टी सांगायचे. चांगलं पोर असलं की ते मरणार, हे आम्ही आधीच ओळखायचो. म्हणून मी वांड राहिले."

मग खुर्चीत बसल्या आणि बूसीचं पान काढायला सांगितलं. ते वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "याच्या घरी कोण होतं?" त्यांनी विचारलं. "बायको, पोरं?"

मी परत पानं चाळली. बूसीला स्वतःचं पोर होतं का, गाव कुठलं, पगार किती, हे कुठेच आलेलं नाही. पोराचा जन्म झाल्या दिवसापासून हा माणूस चोवीस तास त्याच्यापाशी, मग याचं घर कोण बघत होतं? शेरवुडबाईंना विचारायला सुचलं नाही, मलाही सुचलं नव्हतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची लंगोटी बदललेल्या बाईला सुचलं.

भाचीचा आणि माझा पुढचा वाद शीर्षकावरून. तिला जुन्या भाषांतरात काय शब्द वापरलाय ते बघायचंय, आणि स्वतःच्या प्रबंधात काय लिहायचं तेही ठरवायचंय. 'बेअरर' तसंच ठेवलं तर आपल्या वाचकाला हॉटेलातला फेटेवाला दिसतो, ताटात बिल घेऊन उभा. 'हमाल' म्हणजे पाठीवर पोतं. 'चाकर' फार दरबारी, 'नोकर' फार कोरडं. तिने 'सेवक' सुचवलं. मी म्हटलं, सेवक निवडणुकीच्या बॅनरवर असतात.

"मग तू काय म्हणशील, मामा?"

"गडी," मी म्हटलं. "आपल्या आजोळी घरचं पोर कडेवर घेऊन फिरायचा तो गडीच होता ना?"

फोनवर जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "गडी म्हणजे खेळातला भिडूपण."

ते माझ्या डोक्यातही नव्हतं. पण बघा की, शेतावरचा गडी, घरगडी, खेळगडी, सवंगडी. पगार देऊन ठेवलेला आणि बरोबर खेळणारा, दोघांना एकच शब्द. व्हरांड्यात गुडघ्यांमधे बसून पान चघळणाऱ्या पोराचं आणि बूसीचं जे काही होतं त्याला इंग्रजीत बाईंना शब्द मिळाला नाही, म्हणून त्यांना दीड पान वर्णन करावं लागलं.

आता मूळ काम. दुसरं, 'हिअरर'वालं पुस्तक रद्दीत टाकलं, फक्त तेवढं एक पान कापून भाचीसाठी ठेवलं. पहिल्याचा डिंक खरवडून काढला, पानं सुटी केली. सुट्या पानांना जुजबंदी होत नाही हे वर सांगितलंच. त्यामुळे चार-चार पानांना पातळ जपानी कागदाची पट्टी लावून घडी तयार केली, त्याचे फर्मे बांधले, मग दाभणाने भोकं पाडून दोरा. हे काम दुकानात कोणी करून मागितलं तर मी करणार नाही, मजुरी पुस्तकाच्या चौपट होते. आतला समास त्या पट्टीने पाव इंच वाढला, कण्यात गेलेली अक्षरं बाहेर आली. ४१-४२ पानं एका परदेशी लायब्ररीने नेटवर फुकट टाकलेल्या प्रतीतून भाचीने छापून पाठवली. फुकट! तीच प्रत, बोट नसलेली. म्हणजे घरात प्रिंटर असेल तर या ६४९ रुपयांच्या पुस्तकाची गरजच नाही, कोपऱ्यावर छापून आणा आणि जवळच्या बाइंडरला द्या. साठ-सत्तर रुपयांत त्याच्यापेक्षा बरं होईल. बर्फाच्या डोंगरांचं मुखपृष्ठ काढून टाकलं. तांबडं बक्रमचं कापड, आत मार्बलचं अस्तर, खळीत नेहमीप्रमाणे चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर दूर राहील. कण्यावर सोनेरी ठसा मराठीत मारला: 'छोटा हेन्री आणि त्याचा गडी'. भाचीचे गाइड काय म्हणतील ते म्हणोत.

तारे द्यायचे तर विक्रेत्याला एक, तोही खोक्यासाठी. 'फेअरचाइल्ड'ला तीन. हेन्रीला किती द्यावेत ते ठरत नाही. व्हरांड्याच्या पानाला पाच दिले असते, पण पानवार तारे देता येत नाहीत.

शिकंज्यातून, म्हणजे दाबायच्या यंत्रातून, काढल्यावर पुस्तक मावशींनी एका रात्रीसाठी मागून नेलं, त्याला आज तीन आठवडे झाले. परवा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, शेवट नाही वाचणार, पोर मरायच्या अलीकडे थांबलेय. भाचीचा रोज फोन येतो. तिला सांगितलंय, पावसाळी हवा आहे, खळ वाळत नाही.